विटांवरची गाडी

कारखान्यात सुरक्षा शिकवणाऱ्या त्या माणसाला सगळी इमारत ‘हेल्मेटराव’ म्हणायची. कुणी स्टुलावर चढून बल्ब लावताना दिसलं की हा खालून ओरडलाच, “आधी स्टूल हलतंय का बघा!” लोक हसायचे, पण स्टूल मात्र हलवून बघायचे.

त्याच्या मोटरसायकलचे पुढचे शॉक ॲब्सॉर्बर तेल गाळू लागले होते. सुट्टीच्या सकाळी त्याने गाडी अंगणात मधल्या स्टँडवर चढवली. पुढचं चाक उचलायला इंजिनखाली जॅक लावला, तर तो बुटका पडला. लाकडाचा जाड ओंडका कारखान्यात होता, पण तिथवर कोण जाणार? कोपऱ्यातल्या विटा त्याने एकावर एक रचल्या, वर जॅक ठेवला आणि बायकोला हाक मारली.

“अगं, जरा हँडल धरून उभी राहा. चुटकीसरशी होईल.”

बायको शिवणकाम करायची. गळ्यात टेप तशीच ठेवून ती आली. विटांकडे बघून म्हणाली, “अहो, हे डुगडुगतंय.”

“मी आहे ना!”

चाक निघालं. शॉकचा नळा मात्र काही केल्या सुटेना. त्याने दोन्ही हातांनी तो खाली ओढला, वरची वीट फुटली, आणि गाडी पुढे घसरून स्टँडवरून उतरली. बायकोने हँडल सोडलं नाही. सोडलं असतं तर बरं झालं असतं. तिचा उजवा हात हँडल आणि भिंतीच्या मध्ये चिरडला.

दोन बोटं मोडली. प्लास्टर घालून ती घरी आली तेव्हा समोरच्या काकू दारातच उभ्या होत्या.

“काय गं झालं?”

“दारात सापडली बोटं,” बायको म्हणाली. “माझंच लक्ष नव्हतं.”

“नवरा एवढा सावध आणि तू अशी धांदरट!”

काकू हसल्या, बायकोही हसली. हेल्मेटराव चपला काढत होता. त्या काढायला त्याला फार वेळ लागला. मग खरं काय ते न सांगताच तो आत गेला.

शिलाई मशीनवर झाकण पडलं. अर्धवट शिवलेले कपडे गिऱ्हाइकं परत नेऊ लागली, आणि प्रत्येकीला बायको त्याच दाराची गोष्ट सांगे. तो तिची वेणी घालायला शिकला, भाकरी वेड्यावाकड्या थापू लागला. ती एकदाही टाकून बोलली नाही. त्यापेक्षा तिने चार शब्द सुनावले असते, तर त्याला घास गोड लागला असता.

एके दिवशी खालच्या मजल्यावरचे मास्तर अंगणातून हाक मारू लागले. त्यांनी आपली गाडी मधल्या स्टँडवर घेतली होती, शेजारी जॅक आणि विटा.

“बघा हो, बरोबर रचल्यात ना? तुमच्या गाडीखाली बघितल्या होत्या त्या दिवशी. म्हटलं, हेल्मेटराव करतात म्हणजे पक्कंच असणार. पोरीला बोलावतो हँडल धरायला.”

तो धावतच अंगणात उतरला. वर खिडकीत बायको उभी होती, काकू जिन्यात होत्या. “नको, मेकॅनिककडे न्या,” म्हणून वेळ मारून नेता आली असती.

“मास्तर, पोरीला बोलावू नका,” तो म्हणाला. “हिची बोटं दारात नाही सापडली. वीट फुटली आणि माझी गाडी तिच्या हातावर आली. ती नको म्हणत होती. मी ऐकलं नाही.”

काकू जिन्यातच थबकल्या. त्याचे कान तापले होते, तरी तो खाली बसला. विटा बाजूला सारून त्याने ओंडका आणला. अपघातानंतर तो त्याने कारखान्यातून घरी आणून ठेवला होता. घट्ट नट चाक जमिनीवर असतानाच ढिले केले, स्टँड पुढे सरकू नये म्हणून पाचर मारून अडवलं, गाडी वरून पट्ट्यांनी अंगणातल्या छपराच्या तुळईला बांधली, मग जॅक लावला आणि गाडी हलवून हलवून बघितली.

“धरायला कुणी लागत असेल, तर समजायचं की गाडीला आधारच नाही,” एवढंच तो म्हणाला. मान वर केली नाही.

वर आल्यावर बायको म्हणाली, “मी झाकून ठेवलं होतं, तुम्ही चव्हाट्यावर मांडलंत.”

“हो.”

“बरं केलंत. मला त्या काकूंचं ‘धांदरट’ फार लागलं होतं.” तिने प्लास्टरचा हात उशीवर टेकवला. “पण तुमच्यावरचा राग अजून गेलेला नाही हं. मी डुगडुगतंय म्हटलं होतं.”

“म्हटलं होतंस,” तो म्हणाला आणि तिच्यासमोर जमिनीवर बसून राहिला.