झोकेवाल्या घारींचं गवत

ताईबाईचं डोकं फिरलं की अख्खं गाव बाजूला सरतं. त्या संध्याकाळी तर ते पार फिरलं होतं. फिरणार नाही तर काय!

एरंडोलकडे गिरणेच्या काठी गावाचं कुरण आहे. ताईबाई तिथलं गवत कापून शेळ्या पोसते. पण अकरा वर्षं झाली, मधल्या एका पट्ट्याला तिने विळा लावलेला नाही. कारण हिवाळ्यात लांबून येणाऱ्या घारी रात्री झाडावर नाही, त्या गवतात जमिनीवर झोपतात. शिकलेली माणसं त्यांना भोवत्या म्हणतात. ताईबाईच्या त्या झोकेवाल्या, कारण गवतावरून झोके खात उडतात. समोरच्या वाळूवर चक्रवाक बदकं बसतात, त्यांचं तिला फारसं काही नाही. तिचा जीव घारींवर.

यंदा पंचायतीच्या मनात आलं, कुरण सपाट करून क्रिकेटचं मैदान करू. सोमवारी ग्रामसभा ठरली. ताईबाई घाबरली आणि तिथेच चुकली. जळगावच्या पक्षीमित्रांचे पुढारी किरण सर, त्यांना तिने पट्टा दाखवला. सर म्हणाले, "अक्का, रविवारी आमची गणती आहे. एकदा आकडा कागदावर आला की पंचायतीची काय बिशाद!"

रविवारी सर आले ते तीस जणांना घेऊन. सोबत असोद्याची दोन पोती वांगी. थंडीत नदीकाठी जायचं आणि भरीत करायचं नाही, हे खानदेशी माणसाला जमतं होय? गवतापासून वीस पावलांवर कपाशीच्या काड्या पेटवल्या. वारा गवताकडे वाहतोय, हे एकाच्याही लक्षात येऊ नये? गळ्यात एवढाले कॅमेरे आणि म्हणे पक्षीमित्र!

दिवस मावळताना घारी आल्या. धुरावरून दोनदा फिरल्या. एक खाली उतरत होती, तेवढ्यात कोणीतरी "ती बघा, ती बघा!" करत धावलं. सगळ्या वळून नदीपार गेल्या.

"इझाडा ते पहिलं!" ताईबाई जाळाकडे हात करून कडाडली. "तुमले डोया शेतस का नही?"

"झालंच अक्का, वांगी भाजत आलीत," एक जण म्हणाला.

अंधार पडेपर्यंत एकही घार परतली नाही. किरण सरांनी कागद काढला आणि शून्य लिहिलं.

"शून्य? काल मी बत्तीस मोज्यात!"

"तुमचं मोजणं धरता येत नाही, अक्का. आज दिसलं तेवढंच लिहायचं."

"मग धूर आम्ही कया, असं बी लिखा."

"तसा रकाना नाही."

ताईबाईच्या अंगाची लाही लाही झाली. अकरा वर्षं हिने राखलं, लोकांची बोलणी खाल्ली, ते कुठेच धरायचं नाही. आणि यांनी एका संध्याकाळी पिटाळून लावलं, ते मात्र शिक्क्यानिशी खरं! उद्या हाच कागद सरपंच सगळ्यांसमोर नाचवणार.

"उद्या सभेत मी उभी राहसू," ती म्हणाली. "शून्य कसं झालं ते सांगसू. नावानिशी."

सरांच्या हातातली भरिताची पत्रावळ तशीच राहिली. जवळ येऊन हळूच म्हणाले, "अक्का, माझं नाव कशाला त्यात?"

"मग कोनं नाव सांगू? घारीसनं?"