मास्तरांच्या पायाचं माप

पेडल स्टील गिटार पहिल्यांदा पाहणारा माणूस तिला गिटार कधीच म्हणत नाही. कुणी इस्त्रीचं टेबल म्हणतं, कुणी पेटीचा सांगाडा. ग्रीसभाऊंच्या मेहुण्याने तर पहिल्याच भेटीत "यावर बाळाला झोपवायचं असतं का?" असं विचारलं होतं. त्याचीही चूक नाही. चार पायांवर उभी असलेली लांबट फळी, तिच्यावर दहा तारा, खाली तीन पेडलं, गुडघ्यांनी ढकलायचे चार दांडे, आणि फळीच्या पोटात सळ्या, स्प्रिंगा अन् खिट्ट्यांचं असं जंजाळ की पाहणाऱ्याला वाटावं, हे यंत्र वाजत नसणार, बहुतेक चालत असणार. वाजवणाऱ्याने डाव्या हातातली पोलादी कांडी तारांवरून सरकवायची, उजव्या हाताच्या बोटांत नख्या घालून तारा छेडायच्या, डाव्या पायाने पेडलं दाबायची, उजव्या पायाने आवाज कमीजास्त करायचा आणि दोन्ही गुडघे इकडेतिकडे हाणायचे. एवढं सगळं करताना चेहरा मात्र बागेत बसल्यासारखा ठेवायचा. पेडल दाबलं की सळई ओढली जाते, सळईने तार ताणली जाते, आणि सूर लिफ्टसारखा सरकत वरच्या मजल्यावर जातो.

ही लिफ्टची उपमा ग्रीसभाऊंची. त्यांचा धंदाच लिफ्टदुरुस्तीचा. ग्रीसभाऊ हे अर्थातच खरं नाव नव्हे. पण त्यांच्या नखांतलं काळं लग्नाच्या दिवशीही निघालं नव्हतं हे त्यांच्या बायकोने स्वतः पाहिलं होतं, आणि ज्या नावाला घरातलाच साक्षीदार आहे ते नाव टिकतं.

अडीच खोल्यांच्या घरात नऊ गिटारी होत्या. एखादी गोदामातून आणलेली, एखादी बंद पडलेल्या हॉटेलातून, एक तर कोंबड्यांच्या खुराड्यातून. तिच्यावर कोंबड्या बसत, आणि ग्रीसभाऊंच्या मते तिला तिच्या आधीच्या मालकापेक्षा कोंबड्यांनीच नीट वागवलं होतं. ते एकेक गिटार पूर्ण उसवत, सळ्या रॉकेलमध्ये बुडवत, गंज कानशीने घासत, तुटलेली खिट्टी घरच्या लेथवर नवी कातत आणि कारखान्याच्या मूळ तक्त्याप्रमाणे केसाचाही फरक न ठेवता पुन्हा जुळवत. नऊच्या नऊ गिटारी साठ-सत्तर वर्षांच्या म्हाताऱ्या, पण कारखान्यातून काल निघाल्यासारख्या.

यातली एकही त्यांना वाजवता येत नव्हती. मेहुणा दर भेटीत विचारी, "दाजी, आज तरी काही ऐकवणार का?" आणि ग्रीसभाऊंचं ठरलेलं उत्तर असे, "दातांचा डॉक्टर काय पेशंटच्या दातांनी जेवतो का?"

त्यांची बायको घरातच शिवणकाम करी. कपडे आखूड करणं, सैल करणं, पडदे, झगे. तिचं मशीन खिडकीखाली आणि नऊ गिटारी उरलेल्या सगळ्या जागेत. पँट आखूड करायला आलेले एक गृहस्थ एकदा रिकाम्या खुर्चीवर बसले, समोरच्या गिटारीचं पेडल दोनदा दाबलं आणि म्हणाले, "वहिनी, तुमच्या मशीनचा पट्टा तुटलेला दिसतो." ती म्हणाली, "ते मशीन माझं नाही. ते यांचं. त्याच्यावर आजवर शिवलेलं काही बाहेर आलेलं नाही."

या वेडाचं मूळ सव्वीस वर्षांपूर्वीचं. एका हॉटेलातली सामानाची लिफ्ट ग्रीसभाऊंनी दुरुस्त केली आणि चाचणी म्हणून स्वतः आत उभे राहिले. तिसऱ्या मजल्यावर हॉटेलच्या वाद्यवृंदातले मास्तर आपल्या पेडल स्टील गिटारीची मोठी पेटी घेऊन चढले. तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये लिफ्ट थांबली ती दोन तास.

"कुठल्या गाढवाने दुरुस्त केली ही?" मास्तरांनी विचारलं.

"तपास करायला हवा," ग्रीसभाऊ म्हणाले.

वेळ जाईना म्हणून मास्तरांनी पेटी उघडली, गिटारीला पाय जोडले, पेटीवरच बसून वाजवायला सुरुवात केली. ग्रीसभाऊ ऐकता ऐकता टॉर्च घेऊन गिटारीखाली उताणे झोपले. वर सूर चालले होते, पण ते त्यांच्या डोक्यावरून गेले. खाली त्यांना दिसत होतं ते वेगळंच. पेडल हललं की सळई हले, सळई हलली की खिट्टी, आणि कुठेच धक्का नाही. लिफ्ट सुरू होऊन दार उघडलं तरी हा माणूस जमिनीवरून उठेना. मास्तरांना त्याला पाय धरून ओढावं लागलं.

तेव्हापासून दोघांची मैत्री. मात्र सव्वीस वर्षांत मास्तरांनी आपली गिटार त्यांना एकदाही उघडू दिली नाही. "माझे दात काढून घासून देतोस का? मग हिलाही हात लावायचा नाही." ग्रीसभाऊंनी नऊ गिटारी उघडल्या त्या या दहावीच्या विरहात, असं त्यांच्या बायकोचं स्पष्ट मत होतं.

आणि एक दिवस मास्तर अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी स्वतःच गिटार घेऊन दारात उभे.

"रेडिओवाल्या बाईंचा फोन आला होता. जुन्या वादकांचं रेकॉर्डिंग करतायत. पुढच्या शुक्रवारी, अकरा वाजता, अर्धा तास." मास्तर खुर्चीवर टेकले. "चाळीस वर्षं हॉटेलात वाजवलं रे. प्रत्येक गाण्यात लोकांचे काटेचमचे. कुणी कधी रेकॉर्ड केलं नाही. एकदा तरी नुसतं माझंच ऐकू येऊ दे."

"येईल की."

"तिसरं पेडल जड जातंय. तेल घाल. ऐकलंस ना? फक्त तेल घालायचं."

ग्रीसभाऊंनी मान डोलावली. तशी ती मांजरही दुधासमोर डोलावतं.

आता तेल घालायचं म्हणजे उघडायला हवी. उघडली म्हणजे पुसायला हवी. पुसायची तर सळ्या काढायला हव्यात, आणि सळ्या काढल्याच आहेत तर तक्ता काढून एकदा ताडून बघायला काय हरकत आहे? दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तरांची गिटार बहात्तर तुकड्यांत जमिनीवर पसरली होती आणि ग्रीसभाऊ कपाळावर हात मारून घेत होते. पेडलांचा क्रम तक्त्याच्या बरोब्बर उलटा. गुडघ्याचा एक दांडा कुत्र्याच्या शेपटीसारखा वाकडा. चार पायांपैकी एक पाय अंगठाभर कापलेला. आणि पहिल्या पेडलवर चक्क स्लिपरच्या तळव्याचा तुकडा खिळ्यांनी ठोकलेला.

"कुणीतरी अडाण्याने वाट लावलीय हिची," ते बायकोला म्हणाले. "मास्तर आयुष्यभर अशा वाद्यावर वाजवत होते, कल्पना कर."

"तेल घालायला सांगितलं होतं ना?"

"अगं, पोटात गाठ दिसल्यावर सर्जन काय तेल घालून टाके घालतो?"

"सर्जनला ऑपरेशन करायला बोलावलेलं असतं," ती म्हणाली आणि मशीन सुरू केलं.

आठवडाभर ग्रीसभाऊंना जेवणाची शुद्ध नव्हती. दांडा सरळ केला. आखूड पायाला नवा तुकडा जोडला, सांधा नखालाही लागू नये इतका गुळगुळीत. पेडलं क्रमाने लावली. स्लिपरचा तुकडा चिमटीत धरून, मेलेल्या उंदरासारखा, बाहेर नेऊन टाकला.

सोमवारी मास्तर आले. गिटार पाहून ती आपलीच हे त्यांना ओळखू येईना. बसले, नख्या चढवल्या, कांडी ठेवली आणि सुरुवात केली. पहिला सूर बरा आला. दुसरा वर जायचा तो खाली गेला. तिसऱ्या वेळी गुडघा दांड्याला लागलाच नाही, आणि लागला तेव्हा असा लागला की रस्त्यावरचं कुत्रं भुंकलं. मास्तर थांबले. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा थांबले. पाच वेळा झालं. मग त्यांनी नख्या एकेक करून काढल्या आणि डबीत ठेवल्या.

"गेले रे हात," ते साधेपणाने म्हणाले.

ग्रीसभाऊ फडक्याने हातावरचं नसलेलं ग्रीस पुसू लागले.

"दोन महिने पेडल जड म्हणून हात लावला नव्हता. तेवढ्यात गेलं सगळं. वयाला काही सांगून यायची सवय नसते. उद्या दहाला ऑफिस उघडलं की त्या बाईंना नाही म्हणून कळवतो." त्यांनी चकचकीत फळीवरून हात फिरवला. "तुझा दोष नाही हं. तू सोन्यासारखी केलीस. वाजवणारा भंगारात गेला, त्याला तू काय करशील?"

एवढी शाबासकी ग्रीसभाऊंना सव्वीस वर्षांत मिळाली नव्हती, आणि ती मान खाली घालून घ्यावी लागली. त्यांच्या केव्हाच लक्षात आलं होतं. तो उलटा क्रम, तो वाकडा दांडा, तो आखूड पाय. पण तोंड उघडलं तर स्वतःच्या हाताने केलेलं आयुष्यातलं सगळ्यात सुंदर काम चूक ठरणार होतं. त्यांनी मास्तरांना जिन्यापर्यंत पोचवलं आणि "सावकाश उतरा" एवढंच म्हणाले.

वर आले तर बायको तोंडातल्या टाचण्या काढून त्यांचीच वाट बघत होती.

"त्यांच्या हातांना काही झालेलं नाही," ती म्हणाली. "मी हात बघतच नव्हते. पाय बघत होते. डावा पाय सारखा पेडलच्या पलीकडे जाऊन काहीतरी शोधत होता. दुसऱ्याची पँट घातलेला माणूस असाच बसतो."

"तक्त्याप्रमाणे सगळं बरोबर आहे."

"तक्ता बसणार आहे का खुर्चीवर?"

ग्रीसभाऊ तक्त्याची घडी घालू लागले.

"तुम्हाला कळलं होतं. ते इथे बसले होते तेव्हाच कळलं होतं. तुमचे कान लाल झाले होते."

"अगं, सांगणार तरी काय?"

"जे केलंत ते. दहाच्या आत."

मंगळवारी सकाळी आठ वाजता ग्रीसभाऊ मास्तरांच्या दारात उभे होते. मास्तर अर्धी दाढी केलेले, गालावर फेस.

"मास्तर, मी नुसतं तेल नाही घातलं."

"मग?"

ग्रीसभाऊंनी सगळं सांगितलं. पेडलं, दांडा, पाय, स्लिपर. मास्तर वस्तरा हातात धरून ऐकत राहिले. वस्तरा धरलेल्या माणसासमोर कबुली देणं सोपं नसतं.

"म्हणजे माझे हात ठीक आहेत?" त्यांनी शेवटी विचारलं.

"ठीक आहेत."

"पाय?"

"पायही ठीक."

"मग बिघडलंय काय?"

"मी."

त्यानंतरची दहा मिनिटं मास्तरांनी ज्या शिव्या दिल्या त्यांत आनंद इतका ओसंडत होता की शेजारच्या बाईंना वाटलं, यांना नातू झाला. "तो अडाणी मी होतो, लेका. माझा डावा पाय जन्मापासून आखूड. चाळीस वर्षांत एकेक करून सगळं मी वाकवलं, कापलं, ठोकलं. आणि तू एका आठवड्यात मला शाळेच्या पहिल्या बाकावर नेऊन बसवलंस."

"करतो पुन्हा होतं तसं. किती वाकडा होता दांडा?"

मास्तरांनी आपल्या डाव्या पायाकडे पाहिलं. "तेच तर. मला नाही माहीत. पायाला माहीत होतं. पायाला मी कधी विचारलं नाही."

अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. ग्रीसभाऊंकडे आता बैलही नव्हता आणि दोरीही. उघडण्यापूर्वी त्यांनी एक फोटो काढला नव्हता, एक माप लिहिलं नव्हतं. चुकीची मापं कोण लिहून ठेवतो?

मार्ग बायकोने काढला. दुपारी तिने मास्तरांना घरी बोलावलं, मोकळ्या जागेत खुर्ची ठेवली आणि गिटार बाजूला सारायला लावली.

"मास्तर, डोळे मिटा आणि वाजवा."

"कशावर, पोरी?"

"कशावरच नाही. हॉटेलात वाजवायचात तसं."

मास्तर लाजले. मग डोळे मिटले. आधी बोटं हलली, मग कांडी नसलेला हात हवेत सरकू लागला, आणि मिनिटाभरात डावा पाय आपणहून उठून ठरलेल्या जागी पडू लागला. बायको गुडघ्यांवर बसली होती. टाच टेकली तिथे खडूची रेघ, गुडघा पोचला तिथे टेपचं टोक. "घोटा सव्वाचार. पंजा बाहेर वळतोय. गुडघा इथवरच, पुढे नाही. लिहा, बघत काय बसलात?" ग्रीसभाऊ लिहीत होते. फरशीवर खडूने मास्तरांची सगळी गाणी उमटली होती, आणि ती जमिनीपासून सव्वाचार इंचांवर वाजत होती.

मग दोन दिवस ग्रीसभाऊंनी स्वतःचं काम मोडलं. पेडलं उलटी करणं सोपं गेलं. जोडलेल्या पायाचा तुकडा त्यांनी करवतीने कापला. दांडा शिकंज्यात धरून हातोडी उचलली तेव्हा तोंड भिंतीकडे वळवलं आणि दिसत नसल्यामुळे पहिला घाव अंगठ्यावर बसला. रबराच्या तुकड्याचा प्रश्न आला तेव्हा बायकोने त्यांचीच नवी स्लिपर उचलली आणि कात्री चालवली.

"अगं, आठवडा नाही झाला तिला."

"मऊ रबर हवंय. तुमच्या जुन्या स्लिपरचा दगड झालाय."

गुरुवारी मास्तर येऊन बसले, एक गाणं अर्धं वाजवलं, "हं" म्हणाले आणि उरलेला वेळ चहात साखर कमी असल्याची तक्रार करत राहिले. ग्रीसभाऊंना रडू आलं. त्यांनी अंगठा दुखतोय असं सांगितलं.

शुक्रवारी अकरा वाजता मास्तर काचेच्या आत बसले. बाहेर, यंत्रांच्या खोलीत, ग्रीसभाऊ, त्यांची बायको आणि रेडिओवाल्या बाई. ग्रीसभाऊ एका पायात जुनी आणि एका पायात नवी स्लिपर घालून आले होते. आत काटाचमचा काहीच नव्हतं. मास्तरांनी कांडी ठेवली आणि पहिलं गाणं असं उचललं की बाईंनी हातातला कागद खाली ठेवला.

गाणं संपलं तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "फार छान. फक्त कुठेतरी बारीक कुरकुर येते. डाव्या गुडघ्याच्या जवळ. तेवढी काढता येईल का?"

ती ग्रीसभाऊंनी पहिल्या मिनिटालाच ऐकली होती. वाकवलेला दांडा खिट्टीला घासत होता. दोन मिनिटांचं काम. दांडा दोऱ्याच्या जाडीएवढा सरळ केला की कुरकुर गेली. आणि तिच्याबरोबर मास्तरांच्या गुडघ्याची जागाही. ग्रीसभाऊ खुर्चीवरून अर्धे उठले होते. बायकोने त्यांच्याकडे पाहिलंही नाही, फक्त त्यांच्या शर्टाचं टोक धरलं.

"नाही निघायची," ग्रीसभाऊ म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा ते एका बिघाडाबद्दल असं बोलत होते. "ती त्यांचीच आहे. असू दे."

बाईंनी काचेतून मास्तरांना पुढे चला अशी खूण केली. मास्तरांनी दुसरं गाणं सुरू केलं. कुरकुर पुन्हा आली, नेमकी तिथेच. ग्रीसभाऊ खाली बसले, दोन्ही हात मांड्यांखाली घातले आणि रेकॉर्डिंग संपेपर्यंत त्यांच्यावर बसून राहिले.