उसवलेला सदरा

माझे पती एक्केचाळीस वर्षे शिंपीकाम करीत होते. हात थरथरू लागल्यावर त्यांनी दुकान बंद केले, मशीन घरी आणले आणि त्यावर चादर टाकली. त्यानंतर त्यांचे बोलणे कमी झाले, मग जेवण कमी झाले. ते दिवसभर खिडकीजवळच्या खुर्चीत बसून राहत.

आमच्या प्रौढवर्गाच्या बाईंनी सांगितले की, आपण कोणाच्या तरी उपयोगी पडतो, ही जाणीव माणसाला अन्नाइतकीच लागते. रोज तीन चांगल्या गोष्टी वहीत लिहाव्यात, असेही त्या म्हणाल्या. मी घरी येऊन विचारले,

"अहो, आज काय चांगलं झालं?"

"तू वर्गाला गेलीस. दोन तास घर शांत होतं."

"आणि दुसरी गोष्ट?"

"उद्याही जाणार आहेस."

त्यांनी थट्टा केली म्हणून मला बरे वाटले. परंतु ताट तसेच परत आले.

तेव्हा मी एक युक्ती केली. शेजारच्या वहिनींकडून त्यांच्या यजमानांचा सदरा मागून आणला. तो धड होता. मी न्हाणीघरात बसून ब्लेडने त्याची बगल उसवली आणि म्हणाले, "वहिनींचं अडलंय हो. एवढं शिवून द्या."

त्यांनी चादर काढली. सुईत दोरा ओवायला अर्धा तास लागला, पण मला हात लावू दिला नाही. शिवण वाकडी आली. त्या दिवशी ते पोटभर जेवले.

मग मी रोज काहीतरी उसवू लागले: पायजमा, पिशवी, उशीचा अभ्रा. अकरा दिवसांत उसवण्याजोगे सारे संपले, म्हणून बाराव्या दिवशी तोच सदरा पुन्हा मागून आणला आणि तीच बगल उसवली.

त्यांनी तो उलटा केला व बराच वेळ नखाने शिवण चाचपली.

"हे माझेच टाके आहेत. कोणीतरी कापलेत."

मी सदरा परत घ्यायला हात पुढे केला.

"पायजमा पण? पिशवी पण?"

मी मान खाली घातली. ते रागावतील असे मला वाटले होते. रागावले असते तर बरे झाले असते.

"अगं, फाटलेलं आणि कापलेलं मी लांबून ओळखायचो," ते म्हणाले. "अकरा दिवस मला कळलंच नाही."

त्यांनी मशीनवर चादर टाकली, चारही कोपरे नीट केले आणि खुर्चीत जाऊन बसले.

सदरा तर परत द्यायचा होता. शिंप्याची बायको असून मला कधी टाका घालावा लागला नव्हता. मी हातशिलाईला बसले. ते खिडकीबाहेर पाहतच म्हणाले, "दोरा हातभरच घे. लांब दोऱ्याला गाठी पडतात."

मी दोरा तोडून लहान केला. सदरा शिवून झाल्यावर मी त्यांना वाढले. ताट तसेच परत आले.

उद्या बाई वही तपासणार आहेत. त्यांना काय दाखवावे, हे मला समजत नाही.