ज्याची बोंब मोठी

औषधांच्या त्या गोदामात त्याला सगळे नाडीबाबा म्हणायचे. त्याच्या टेबलावर दोन पडदे होते आणि त्यातल्या एकावर दिवसभर एक हिरवी रेघ पळत असायची. हा माणूस तिच्याकडे असा बघत बसायचा, की जणू आजाऱ्याच्या मनगटावर बोटं टेकलीत. रेघ जरा वर उडाली की ह्याचा चहा कपातच थांबायचा. खाली आली की मग घशाखाली उतरायचा. डेटाबेस सांभाळायचं काम त्याचं. कुठलं औषध किती आहे, कुठल्या खोक्यात आहे, कुठल्या दवाखान्याला चाललंय, ह्या नोंदी ज्या यंत्रात राहतात ते दमू नये, अडू नये, हे बघायचं.

कामाला वाघ, पण स्वभावानं गोगलगाय. 'नाही' हा शब्द ओठापर्यंत यायचा आणि तिथूनच माघारी फिरायचा. बाप शिंपी होता, त्याचीही तीच तऱ्हा. जे गिऱ्हाईक दारात उभं राहून बोंबलेल त्याचं शिवण आधी, आणि जो बिचारा 'होईल सवडीनं' म्हणून गेला, त्याच्या अंगावर लग्नातला कोट लग्न उरकल्यावर चढायचा. पोरानं शिवणयंत्र सोडून संगणक धरला, पण रीत बापाचीच उचलली. वरच्या मजल्यावरून फोन आला, की आमचा अहवाल उघडायला वेळ लागतो, की हा लगेच त्या अहवालापुरता एक इंडेक्स बांधून द्यायचा.

इंडेक्स म्हणजे पुस्तकाच्या शेवटी असते तशी सूची. शोधणाऱ्याला पान झटकन सापडतं. पण पुस्तकात नवी ओळ लिहिली की प्रत्येक सूचीतही ती चढवावी लागते. विक्रीवाल्यांची एक, हिशेबवाल्यांच्या चार, जाहिरातवाल्यांनी नुसतं पाहिजे म्हणून मागितलेली एक, असं करता करता सूच्यांचं रान माजलं. खाली डॉकवर, म्हणजे जिथं गाड्यांत माल चढतो तिथं, एक खोका स्कॅन झाला, की त्याची नोंद ह्या सगळ्यांना वळसे घालत आत शिरायची. पाहुण्यानं दारातल्या प्रत्येक म्हाताऱ्याला ख्यालीखुशाली सांगत सांगत घरात यावं, तशी.

नाडीबाबाला हे कळत नव्हतं असं नाही. पण रेघ हिरवी होती. रेघ दाखवायची सगळ्या नोंदींना लागणाऱ्या वेळाची सरासरी, आणि सरासरी म्हणजे मोठी धोरणी बाई, घरातलं भांडण ओसरीवर येऊ देत नाही. शिवाय गोदामाचा नियम असा, की तक्रार संगणकावरच नोंदवायची. डॉकवर संगणक नव्हता, होते ते नुसते हातातले स्कॅनर. त्यामुळे डॉकची तक्रार कधी आलीच नाही, आणि बैठकीत हा छाती पुढं काढून सांगायचा, की डॉकवर सगळं झकास आहे. रडल्याशिवाय आईसुद्धा पाजत नाही म्हणतात. इथं लेकराला रडायला तोंडच ठेवलं नव्हतं.

पहिली ठिणगी पडली ती जेवणाच्या पाटावर. त्याची थोरली बहीण, आक्का, नदीपलीकडच्या छोट्या दवाखान्यात परिचारिका होती. सुट्टीच्या दिवशी ती ह्याच्याकडे यायची, भावजयीशी गुळपीठ जमवायची आणि भावाला धुवून काढायची. त्या दिवशी तिनं घास हातात धरूनच विषय काढला. साखरेच्या आजाऱ्यांची इंजेक्शनं आली, पण खोका हाताला कोमट लागत होता. तिनं तो घेतला नाही, माघारी धाडला. आता दवाखान्याच्या फ्रीजमध्ये मागच्या खेपेतलं उरलंसुरलं तेवढंच.

ह्यानं आपलं नेहमीचं सांगितलं, की आमच्याकडे तर सगळं हिरवं दिसतंय.

"मग तो तुझा हिरवा रंग सुईत भरून देऊ का म्हातारीला?" आक्का म्हणाली आणि घास तोंडात घातला.

बायको हसली, हासुद्धा हसला. पण जेवण मात्र अंगी लागलं नाही.

पुढची गाडी गुरुवारी जायची होती. नदीपलीकडच्या रस्त्यावर डोंगर फोडायचं काम चाललेलं, त्यामुळे दुपारी बारा वाजले की अडसर पडायचा तो संध्याकाळीच उघडायचा, आणि खोक्यातल्या बर्फाच्या पिशव्या तेवढा वेळ दम धरत नसत. म्हणजे गाडी बाराच्या आत अडसरापलीकडे गेली तर गेली. आक्कानं बुधवारी निरोप धाडला, की आजपुरतं आहे, उद्याचं काही खरं नाही. नाडीबाबानं तो निरोप वाचला, फोन खिशात ठेवला, परत काढून वाचला.

गुरुवारी कामावर आल्यावर त्यानं एक गोष्ट केली जी कैक महिन्यांत केली नव्हती. जिना उतरून तो डॉकवर गेला.

तिथं जे दिसलं ते बघत तो दारातच थांबला. थंड खोलीचं जाड दार एका हमालानं पाठीनं रेटून उघडं धरलेलं. दुसरा खोका उचलून बाहेर उभा. तिसऱ्यानं स्कॅनर रोखलेला. स्कॅनरनं पिंक् म्हटल्याशिवाय पुढचा खोका हलवायचा नाही, हा नियम. आणि स्कॅनर काही म्हणत नव्हता. वाट बघून बघून त्यानं तो मांडीवर आपटला, मग त्यावर फुंकर मारली, मग पुन्हा रोखला. तेव्हा कुठं पिंक् झालं. तोवर थंड खोलीतली वाफ बाहेर येऊन उन्हात विरत होती आणि खोक्याच्या अंगाला घाम फुटला होता.

मुकादम म्हणजे डॉकवरच्या माणसांचा म्होरक्या. आडव्या अंगाचा, तंबाखूचा बार भरलेला. त्याला विचारलं, हे असं कधीपासून? तो म्हणाला, स्कॅनर जुने झालेत असं वाटलं, म्हणून नवे मागवले. नवे आले तरी तेच. मग पोरांनी शोध लावला, की मांडीवर आपटून फुंकर मारली की चालतो.

"फुंकरीनं चालत नाही तो," नाडीबाबा पुटपुटला.

"चालतो की साहेब. नीट मारावी लागते."

नाडीबाबाला हसावं का रडावं कळेना. फुंकर मारेपर्यंत जो वेळ जायचा तेवढ्यात नोंद रखडत आत पोचायची, एवढंच. ह्यांनी तिला मंत्र समजून नव्या पोरांना शिकवूनही टाकलं होतं. पण हसायचं कुणाला? वर बसून रेघेकडे बघणं, ही तरी फुंकरच की.

दोन गाड्या उभ्या होत्या, दोन्ही त्याच रस्त्यानं जाणाऱ्या. एक आक्काच्या दवाखान्याची, दुसरी डोंगरापलीकडच्या वस्तीवरच्या दवाखान्याची. आक्काच्या गाडीचा चालक घड्याळ बघत दातात काडी फिरवत होता. मुकादमानं सहज विचारलं, "आधी कुठली भरू साहेब?"

"नदीपलीकडची," हा म्हणाला. विचार करायच्या आधीच म्हणाला.

आणि तेवढ्यात सगळेच स्कॅनर मुके झाले. फुंकरीलाही दाद देईनात.

तो दोन-दोन पायऱ्या चढत वर पळाला. पडद्यावर रेघ उडाली होती, आणि का ते शोधायला त्याला फार खोदावं लागलं नाही. वरच्या मजल्यावर मालकीणबाईंकडे पाहुणे आले होते, गोदामात पैसा घालू बघणारे. त्यांना भिंतीवरच्या पडद्यावर दाखवायला हिशेबवाल्या साहेबांनी सबंध वर्षाचा अहवाल काढायला लावला होता. तो अहवाल असा, की काम संपेपर्यंत नोंदी मुठीत आवळून बसायचा. मूठ सुटल्याशिवाय डॉकची एकही नोंद आत जाणार नव्हती. आणि मूठ सुटायला किती वेळ लागेल ते त्याला सांगता येत नव्हतं.

त्यानं हिशेबवाल्या साहेबांना फोन लावला. अहवाल जरा थांबवला तर चालेल का, खाली गाड्या खोळंबल्यात, असं त्यानं अजिजीनं विचारलं. पलीकडून दबक्या आवाजात उत्तर आलं, की पाहुणे समोर बसलेत, बाई समोर बसल्यात, हात लावलात तर बघा. फोन बंद.

त्यानं हात मांडीखाली दाबून धरले. अहवाल बंद करायला एक ओळ लिहायची आणि एक बटण दाबायचं, एवढंच काम. पण त्या एका बटणात नोकरी होती, घराचं भाडं होतं, बायकोनं नुकतंच घेतलेलं शिवणयंत्र होतं. आणि दुसऱ्या बाजूला आक्का, तिच्या बाकावर बाह्या वर करून बसलेली माणसं. आजवर ज्याची बोंब मोठी त्याचं काम त्यानं आधी केलं होतं. आज पहिल्यांदाच त्याला खालची बोंब ऐकू आली होती. पण मनाच्या तळाशी दुसरं काही खदखदत होतं. ही बोंब डॉकची का आक्काची? आक्का तिथं नसती, तर तू जिना उतरला असतास का रे?

उत्तर शोधायला वेळ नव्हता. त्यानं ओळ लिहिली, डोळे मिटले आणि बटण दाबलं.

वरच्या भिंतीवरचा पडदा रिकामा झाला. खाली स्कॅनर एकामागोमाग एक पिंक् पिंक् करायला लागले. हा खिडकीशी जाऊन उभा राहिला. आक्काची गाडी भरली, दार आपटलं, फाटकातून बाहेर पडली. दुसरी गाडी भरायला लागली तेव्हा त्याचं लक्ष भिंतीवरच्या घड्याळाकडे गेलं. ती काही बाराच्या आत अडसर गाठणार नव्हती.

मालकीणबाईंनी बोलावलं ते पाहुणे गेल्यावर. त्या ह्या धंद्यात नवऱ्याच्या जोडीनं सायकलवरून औषधं वाटत वर आलेल्या, त्यामुळे त्यांच्यासमोर थापा टिकत नसत. हिशेबवाले साहेब शेजारी बसले होते, चेहरा आंबट चिंच खाल्ल्यासारखा. बोलायला त्यांनीच सुरुवात केली. चौकशी करून आले होते.

"नदीपलीकडच्या दवाखान्यात तुमची बहीण असते ना?"

"हो."

"आणि तिचीच गाडी आधी भरायला लावलीत?"

"हो."

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "म्हणजे बहिणीसाठी माझ्या पाहुण्यांची फजिती केलीत."

त्याच्या तोंडाशी एक देखणं उत्तर आलं होतं, की नाही बाई, गोदामासाठी केलं. पण ते त्यानं दिलं नाही. तो म्हणाला, "बहीण नसती तर मी खाली गेलोच नसतो, बाई. आणि बटण दाबलं ते बरोबरच होतं. दोन्ही खरं आहे."

मग तो बोलत सुटला. आयुष्यात कधी इतकं बोलला नव्हता. वरच्यांनी मागितलेली प्रत्येक सूची डॉकच्या मानगुटीवर कशी बसलीय, हे सांगितलं. अहवाल उशिरा आला तर माणूस वैतागतो, खोका उशिरा गेला तर औषध नासतं, पण रेघेला दोन्ही सारखंच, हेही सांगितलं. आपण धंदा औषध पोचवायचा करतो, आणि यंत्र मात्र अहवाल दाखवायला जुंपलंय.

हिशेबवाले म्हणाले, मग आमचे अहवाल काय रात्री बघायचे? बाई म्हणाल्या, "बघा की. पाहुण्यांना दाखवायचा तो आदल्या दिवशी काढून ठेवा." आणि ह्याच्याकडे वळून, "कुठल्या सूच्या काढायच्या ते उद्या मला सांगा. डॉक आधी. पण ज्याची काढाल त्याच्या तोंडावर जाऊन सांगायचं, मागून नाही. आणि पुन्हा मला न विचारता असं केलंत तर घरी बसावं लागेल."

तो मान हलवून बाहेर पडला. नोकरी राहिली होती. पण दुसऱ्या गाडीचं काय झालं ते कळायचं होतं.

खाली मुकादम वाटच बघत होता. त्यानं सांगितलं, की आक्काची गाडी अडसरापलीकडे गेली, बाराच्या आतली शेवटची. दुसरी तिथं पोचली तेव्हा बांबू आडवा पडला होता. चालकानं हातापाया पडून बघितलं, काही उपयोग झाला नाही. गाडी माघारी आली, खोके पुन्हा थंड खोलीत गेले, उद्या सकाळी जातील.

"त्यांच्याकडे आजचं होतं का?" नाडीबाबानं विचारलं.

मुकादमानं खांदे उडवले. "ते कधी फोन करत नाहीत साहेब. गरीब आहेत बिचारे."

आक्काचा निरोप येऊन पडला होता. खोका गार आहे, एवढंच. शाबासकी नाही, टोमणाही नाही. त्यानं तो एकदा वाचला. मग डॉकवरच्या एका उलट्या पेटीवर बसून, गाडीच्या चालकाकडून त्या दुसऱ्या दवाखान्याचा नंबर घेतला आणि लावला. बराच वेळ घंटी वाजत राहिली. त्याला वाटलं, कुणी न उचललं तर बरं. मग एका बाईचा दमलेला आवाज आला.

त्यानं आपण कोण ते सांगितलं. गाडी आज पोचणार नाही, चूक आमची आहे, असंही सांगितलं. मग ती म्हणाली, की कळलं आम्हाला, दोघांना शहरातल्या मोठ्या दवाखान्याकडे धाडलं, त्यातल्या एका बाईला बस लागते, ती रडत गेली.

"याच्या आधीही असं व्हायचं का?" त्यानं भीत भीत विचारलं.

"खूपदा."

"मग कळवलं का नाही?"

"कुणाला कळवायचं?" ती म्हणाली.

मुकादमाची पोरं दुसऱ्या गाडीचे रिकामे कप्पे पुसत होती. त्यानं फोन दुसऱ्या कानाला लावला आणि तिला म्हणाला, की मला सांगा, पहिल्यापासून सांगा. ती सांगायला लागली. बरंच होतं.