आप्पांचा पोस्टमन

सांगलीच्या विश्रामबागेतल्या आमच्या फिल्म क्लबात मी बारा वर्षं देशोदेशीचे सिनेमे बघतेय. पण ज्या सिनेमाची मी अगदी जीव टांगणीला लावून वाट पाहिली, तो कराडच्या एका तरुणाने नोकरी सोडून केला होता आणि त्यात माझे वडील होते. आप्पा फौजेतून निवृत्त होऊन साताऱ्यात राहतात. त्या दिग्दर्शकाने त्यांना रसवंतीवर पाहिलं आणि सरळ विचारलं, "आबा, सिनेमात काम कराल का?" आप्पा पोस्टमन झाले.

सिनेमा पुरा होऊन थिएटर मिळेपर्यंत तीन वर्षं गेली. तेवढ्या काळात काचबिंदूने आप्पांचा डावा डोळा गेला. उजव्याचं डॉक्टरही काही सांगेनात.

शेवटी साताऱ्यात रोज दुपारचा एक खेळ मिळाला. शनिवारी मी सांगलीहून पहाटेच्या एसटीने गेले. आप्पा दाढी करून, कडक इस्त्रीचा शर्ट घालून तयार होते. रिक्षाने थिएटर गाठलं, तर खिडकीवरचा माणूस म्हणाला, "उतरवला तो, मॅडम. काल कुणीच आलं नाही."

"मी सगळी तिकिटं घेते."

"आता त्या वेळेला दुसरा लागलाय."

मी मॅनेजरपुढे हात जोडले. "यांची नजर जातेय हो. नंतर लावून काय उपयोग?" माणूस वाईट नव्हता. त्याने आप्पांना खुर्ची दिली, पाणी दिलं. खेळ मात्र दिला नाही. माझा आवाज चढला, लोक बघायला लागले, तसे आप्पा उठले.

"चल पोरी. लय झालं."

मी दिग्दर्शकाला फोन केला. दोन तासांत तो कराडहून लॅपटॉप घेऊन घरी आला. आप्पा पडद्याला नाक टेकेल इतके जवळ बसले.

"ह्यो कोण? मीच का?"

"तुम्हीच. सायकलवरून येताय."

त्यांना हालचाल कळत होती, चेहरे नाही. मी कानाशी सांगत राहिले. अर्ध्याहून जास्त सिनेमा झाल्यावर त्यांनी विचारलं, "पत्राचं कवा येणार?"

शूटिंगमध्ये त्यांनी एका आईला तिच्या मुलाचं पत्र वाचून दाखवलं होतं, एका दमात, न अडखळता. पुढे गल्लीत सगळ्यांना ते करूनही दाखवलं होतं.

दिग्दर्शकाने सिनेमा थांबवला. "आबा, तो सीन काढावा लागला. तुम्हाला सांगायचं धाडस झालं नाही."

त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली मला. आप्पा पडद्यापासून मागे सरकले. मग म्हणाले, "थांबवलास कशाला? लाव की."

ते शेवटपर्यंत बसले, पण मान खाली घालून. मीही सांगायचं थांबवलं.

तो गेल्यावर मी म्हटलं, "आमच्या क्लबात दाखवायचाय. याल ना?"

"तू दाव. मला नगं नेऊ."

पुढच्या रविवारी क्लबात वीसेक माणसं आली. सिनेमा मी पहिल्यांदाच नीट, अंधारात बसून पाहिला. चांगला होता. पत्राचा सीन असता तर सिनेमा ऐन भरात येऊन रेंगाळला असता, हेही मला कळलं. कळायला नको होतं.

दिवे लागल्यावर शेजारच्या बाईंनी विचारलं, "वडिलांना आवडला का हो?"

मी खुर्च्या आवरायला उठले.