भूगोलाच्या बाई आणि आमचा परदेश

आमच्या भूगोलाच्या बाईंना पृथ्वीवरचा कोणताही देश लांब वाटत नसे. ब्राझील म्हणजे पोंभुर्ण्याच्या जरा पलीकडे आणि जपान म्हणजे नागपूरला गाडी बदलली की आलाच, अशा थाटात त्या बोलत. स्वतः मात्र त्या वर्ध्याहून नोकरीसाठी चांदा जिल्ह्यातल्या मूलला आल्या, तेवढाच त्यांचा प्रवास. त्या चालत चालत शिकवायच्या. तास सुरू व्हायचा फळ्यापाशी, मध्यावर यायचा खिडकीत, आणि संपायचा कित्येकदा शाळेमागच्या तलावाच्या पाळीवर. द्वीपकल्प समजावताना एकदा त्या गुडघाभर पाण्यात उतरल्या, तिन्ही बाजूंचं पाणी हातानं दाखवलं आणि तशाच ओल्या पातळानं पुढच्या वर्गावर गेल्या. कोणाकडे चहाला गेल्या तर कप हातात घेऊनच बोलत बोलत बाहेर पडत. मग त्या घरचं कोणीतरी बशी घेऊन मागोमाग जाई आणि कोपऱ्यावरून रिकामा कप घेऊन परत येई.

चांद्याला तेव्हा कोणी चंद्रपूर म्हणत नसे. आम्ही पाच जणी दहावीत होतो, आणि दिवाळीच्या सुट्टीत आपण परदेशी जाणार, असं बाईंनी एका सकाळी हजेरी घेता घेता सांगून टाकलं. देश त्यांनी विचार करून निवडला होता. नेपाळच्या सीमेवरच्या गावात जायला आपल्या माणसांना कागदपत्रं लागत नाहीत, असं त्यांना कुठून तरी कळलं होतं. मग घरोघरी फेऱ्या सुरू झाल्या. चार घरं कशीबशी वळली. पाचवी कौसल्या. वर्गातली सगळ्यात गरीब पोरगी, विचारल्याशिवाय तोंड न उघडणारी. तिचे वडील धानाचे शेतकरी. ते अंगणात बसले होते आणि बाई त्यांच्याभोवती फिरत होत्या.

"बाई, हिचं लगीन ठरलं हाये," ते म्हणाले. "आता परदेशात जाऊन हे करन काय?"

"पाहील."

"काय पाह्यन?"

"बर्फ."

"बर्फ तं नागपूरलेबी भेटते."

"तो लाकडाच्या भुशातला. मी डोंगरावरचा म्हणते आहे."

म्हातारा हसला, आणि हसला म्हणून फसला. निघताना एवढंच म्हणाला, "पोरगी तुमच्या हवाली हाये, बाई."

मूलच्या छोट्या गाडीनं नागपूर, तिथून मोठ्या गाड्या, पाटण्याजवळ आगबोटीनं गंगा, आणि पुन्हा गाडी. या सगळ्या प्रवासात बाई डब्यात कमी आणि फलाटावर जास्त होत्या. गाडी थांबली की उतरायचं, इथं कोणतं पीक येतं, ही नदी कुठून निघते, इंजिनाला कोळसा किती लागतो, हे दिसेल त्याला विचारायचं, आणि गाडी हलली की धावत येऊन चढायचं. आम्ही म्हणायचो, "बाई, बसा नं थोडं." त्या म्हणायच्या, "बसून काय दिसतं?" त्यांच्यापायी आम्हालाही चैन पडेनासं झालं. शिट्टी वाजली की पाचही डोकी खिडकीबाहेर. आम्ही हरवलो तर काय करायचं, हे त्यांनी आम्हाला दहादा घोकवून घेतलं होतं. त्या स्वतः हरवल्या तर काय करायचं, हे मात्र त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

सीमेवरच्या रक्सौलच्या थोडं अलीकडे तेच झालं. बाई एका हमालाशी बोलायला मागे गेल्या आणि गाडी सुटली. फलाटावरून हात हलवत धावणाऱ्या बाई लहान होत होत दिसेनाशा झाल्या. दोघी रडू लागल्या. मी साखळी ओढायला उठले, पण हात पोचेना. तिकिटं बाईंच्या पिशवीत, पैसे बाईंच्या कमरेला, आणि आमच्या वाट्याला पाच वळकट्या आणि चिवड्याचा डबा. तेवढ्यात कौसल्या म्हणाली, "रडू नोका. पुढच्या ठेसनावर उतरू अन् बसू. बाई येतीन."

"अन् नाई आल्या तं?" मी विचारलं.

"येतीन. त्याहिले बसवते कुठी?"

पुढचं स्टेशन म्हणजे एक खोली आणि एक चिंचेचं झाड. आम्ही वळकट्यांवर बसलो. स्टेशनमास्तरांच्या बायकोनं दही-पोहे आणून दिले. आमची बोली तिला कळेना, तिची आम्हाला. कौसल्यानं तिच्याशी खुणांनीच सगळा व्यवहार केला. ऊन कलू लागलं तेव्हा रस्त्यावर धुरळा दिसला. एक टांगा येत होता, आणि त्यात टांगेवाल्याच्या शेजारी बाई उभ्या होत्या.

उतरताच त्यांनी विचारलं, "इथं उतरायचं कोणी ठरवलं?"

आम्हाला वाटलं, आता बोलणी बसणार. कौसल्या उठून म्हणाली, "मीनं, बाई."

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. पदरानं तोंड पुसलं, ते बराच वेळ पुसत राहिल्या. मग पिशवीतून तिकिटं काढून तिच्या हातात दिली. "ही आता तुझ्याकडं राहू दे," म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी रक्सौलचा पूल ओलांडून आम्ही परदेशात शिरलो. कापलेला धान, बांधावर बसलेले बगळे, बैलगाड्या. "बाई, इथीबी धानच हाये," कोणीतरी म्हणालं. बाईंचा चेहरा पडला. त्या आम्हाला बाजारातून, देवळापाशी, पुन्हा बाजारात अशा फिरवू लागल्या. परदेश कुठं तरी असायलाच हवा होता. शेवटी गावाबाहेर एका बांधावर कौसल्या थांबली. "बाई, तो ढग हालून नाई राह्यला," ती म्हणाली. तो ढग नव्हता. उत्तरेकडं, निळसर डोंगरांच्याही वर, पांढरी ओळ उभी होती. हिमालयाची सगळी शिखरं बाईंना तोंडपाठ. आम्ही विचारलं, यातलं कोणतं कोणतं? त्या म्हणाल्या, "कोणास ठाऊक गं."

कौसल्याचं लग्न ठरल्याप्रमाणे झालं आणि ती तेलुगू मुलखाच्या सीमेवरच्या सिरोंच्याला गेली. दोन वर्षांनी, उन्हाळ्यात, बाई मला घेऊन तिला भेटायला गेल्या. घरात सगळं तेलुगू बोलणं, आणि कौसल्याही आता ते सफाईनं बोलत होती. सासूला विचारून ती मूल कडेवर घेऊन आमच्याबरोबर गोदावरीच्या काठावर आली. पलीकडचा काठ स्पष्ट दिसत होता. माणसं डोंग्यातून येत-जात होती.

"पलीकडं काय आहे गं?" बाईंनी विचारलं.

"मालूम नाई, बाई. मी गेलीच नाई कधी."

बाईंनी डोंगेवाल्याला हाक मारायला हात वर केला. कौसल्या हळूच म्हणाली, "आज नोको. लेकरू आत्ताच झोपलं."

बाईंनी हात खाली घेतला. त्या वाळूत तिच्या शेजारी बसल्या आणि झोपलेलं मूल आपल्या मांडीवर घेतलं. डोंगे येत राहिले, जात राहिले. आमची परतीची मोटार केव्हाच सुटून गेली होती. मला ते ठाऊक होतं, आणि मला वाटतं, बाईंनाही.