भोंग्यावर जेवणारा कोल्हा

आजारी पडण्याचा हक्क फक्त जनावरांना आहे, माणसं नुसती सोंगं करतात, असं माझ्या बायकोच्या मामांचं ठाम मत होतं. मामी न्हाणीघरात घसरल्या, मनगट टम्म सुजलं, तेव्हा मामा पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "शेक दे, उतरेल." त्याच आठवड्यात कुठल्याशा पिंगळ्याचा पंख दुखावला म्हणून या गृहस्थांनी कंपनीत स्वतःच्या आजारपणाची रजा टाकली. भोसरीच्या कंपनी कॉलनीत त्यांची दोन खोल्यांची जागा. नवा जावई म्हणून मी पहिल्यांदा जेवायला गेलो तेव्हा मला पाट मिळाला, चांदीची वाटी मिळाली, आणि शेजारच्या टोपलीतून एक घोरपड माझ्या श्रीखंडावर डोळे लावून बसलेली मिळाली. "घाबरू नका जावईबापू," मामा म्हणाले, "ती पथ्यावर आहे."

मामा कंपनीत इन्स्पेक्शनला होते. दिवसभर तयार माल तपासायचा, बरा असला तर 'पास' म्हणायचं, नसला तर बाजूला टाकायचा. घरीही तोच खाक्या. तेव्हा आसपासच्या माळांवर सारख्या नव्या शेड उभ्या राहत होत्या. बुलडोझर फिरला की कुणाचं तरी बीळ, कुणाचं तरी घरटं उघड्यावर यायचं आणि कामगार ती पिल्लं थेट मामांकडे आणून टाकायचे. बरं झालेलं जनावर मामा खोलीभर चालवून बघत, वळवून बघत, प्रसंगी व्हर्नियर लावून मोजत, आणि 'पास' म्हटल्याशिवाय त्याला उंबऱ्याबाहेर सोडत नसत. एका मुंगसाने मोजमाप चालू असताना त्यांचा अंगठा फोडला, तर मामांना कोण आनंद! माणसाला चावतं ते जनावर ठणठणीत, असा त्यांचा हिशेब होता. घर मात्र शुद्ध शाकाहारी, चातुर्मासात कांदासुद्धा वर्ज्य. त्याच घरात खाटकाकडची पुडी यायची आणि मामी नाकाला पदर लावून, देवाची क्षमा मागत, तिचे तुकडे करायच्या. "गावजेवण होईल इतकं मटण चिरलं मी," त्या मला म्हणाल्या, "पण चव विचाराल तर शपथ!"

एकदा अशाच एका शेडच्या पायाच्या खड्ड्यातून कोल्ह्याचं पिल्लू आलं. मागचा पाय मोडलेला, डोळे नुकते उघडलेले. मामांचा त्याच्यावर जीव जडला. मामींच्या वाट्याला आलं नाही इतकं गोड बोलणं त्या पिल्लाच्या वाट्याला आलं. कामट्या बांधून मामांनी पाय तर जोडला, पण एक चूक करून ठेवली, आणि ती कॉलनीतल्या माणसाच्याच हातून व्हायची. त्या कॉलनीत सगळंच कंपनीच्या भोंग्यावर चालायचं. सकाळचा भोंगा झाला की आंघोळ, दुपारचा झाला की जेवण, संध्याकाळचा झाला की चहा आणि भांडण. मामांनी पिल्लाचं खाणंही भोंग्यावर लावून दिलं. "जनावर झालं म्हणून काय, वेळ पाळायला नको?" कोल्हा मोठा झाला, उंदीर धरायला लागला, एक दिवस मामांना कडकडून चावला. पास! चाकणच्या बाजाराला निघालेल्या एका ट्रकमधून, कांद्याच्या रिकाम्या पोत्यांत बसवून मामांनी त्याला नेलं आणि मोशीच्या झुडपांत सोडलं.

आठवड्याभरात मोशीचा एक कोंबड्या पाळणारा शेतकरी मामांचं घर विचारत आला. त्या भागात एखादा कोल्हा शिस्तीत वागला तर तो मामांचाच असणार, एवढी त्यांची ख्याती होती.

"ह्यो कोल्हा तुमचाच न्हवं?" तो म्हणाला. "भोंगा झाला की माज्या दारात येऊन बसतोय."

"कोंबड्या धरतो?"

"न्हाई वो! कोंबडीकडं बघत बी न्हाई. माज्याकडं बघतोय, वाढा म्हून. मला दया येती, पर गावात कुत्री हायती, बंदूकवाला बी हाय. असा दिवसाढवळ्या माणसात आला तर जगायचा न्हाई बघा."

मामांचा चेहरा पडला. दुसऱ्या दिवशी ते थेट मोठ्या साहेबांकडे गेले आणि थोडे दिवस भोंगा बंद ठेवा म्हणाले. साहेबांनी विचारलं, कुणासाठी? "एका कोल्ह्यासाठी." साहेबांना वाटलं, हे युनियनमधल्या कुणाचं तरी टोपणनाव आहे. भोंगा काही बंद झाला नाही.

मग एकच उपाय उरला. भोंग्यावर अन्न नाही, दगड मिळतात, हे कोल्ह्याला शिकवायचं. माझ्या स्कूटरवर मागे रिकामा डबा घेऊन मामा मोशीला निघाले. सकाळचा भोंगा झाला आणि खरोखरच झुडपांतून स्वारी आली. मामांना ओळखून शेपूट हलवायला लागली. मामांनी दगड उचलला, खाली ठेवला. "जावईबापू, तुम्ही मारा. तुम्हाला तसंही तो मानत नाही." मी मारला. दगड भलतीकडेच पडला, कोल्ह्याने जाऊन तो हुंगला आणि आशेने परत आला.

"नेम तरी धड हवा," असं माझ्यावर खेकसत मामांनी डबा बडवला, घसा फाटेस्तोवर ओरडले आणि स्वतः दगड भिरकावला. तो नेमका त्या जोडलेल्या पायावर बसला. कोल्हा केकाटला, थोडा लांब गेला आणि वळून मामांकडे बघत उभा राहिला. ते बघणं मला अजून विसरता येत नाही. मामांनी दुसरा दगड मारला. मग तो गेला. मामा बांधावर बसले. "पास," ते हातातल्या डब्याकडे बघत म्हणाले. तरी धडा पक्का व्हावा म्हणून त्यानंतर रोज सकाळी ते सायकलने जाऊन दगड मारून येत. जेवणात मात्र त्यांचं लक्ष नसे.

बऱ्याच महिन्यांनी एका संध्याकाळी ते मला म्हणाले, "जरा मोशीला जाऊन येऊ." आम्ही त्या शेतकऱ्याच्या दारात बसलो. लांबवर भोंगा झाला. झुडपांतून कोणी आलं नाही. फक्त दूर नदीच्या अंगाने एक कोल्हा भोंग्याच्या सुरात सूर मिसळून ओरडला, मग दुसरा, मग सगळेच.

"ओरडतोय फक्त. येत न्हाई आता," शेतकरी म्हणाला.

"छान," मामा म्हणाले आणि चष्मा पुसत बसले. भोंगा अजून वाजतच होता, तेवढ्यात त्यांनी पिशवीतून खाटकाकडची पुडी काढली. ती त्यांनी आणली होती हे मला माहीतच नव्हतं. शेतकऱ्याचं कुत्रं कधीचं शेपूट हलवत होतं. पण मामांनी त्याला हाताने अडवून धरलं, आणि भोंगा पुरता विरून माळावर शांत झाल्यावरच पुडी त्याच्यापुढे सोडली.